आत्महत्येनंतर भेटायला जाताना

मराठवाड्यातल्या खेड्यात कोणाच्या घरी मयत झाली, की भावकी आणि शेजारपाजार न सांगता कामाला लागतो. मातीला गाव लोटते, चूल बंद असलेल्या घरी शेजारून पिठले-भाकरी येते आणि राख सावडण्यापासून तेराव्यापर्यंत ओसरीवर कोणी ना कोणी बसलेले असते. मात्र नैराश्य, स्किझोफ्रेनिया किंवा दारूचे व्यसन अशा आजाराशी झगडता झगडता एखाद्याने आत्महत्या केली असेल, तर हीच माणसे अवघडून जातात. काही जण येतच नाहीत, आलेले लवकर उठतात आणि बसून राहिलेल्यांपैकी कोणीतरी नेमके नको तेच विचारतो: “रात्री काही भांडण झाले होते का?”, “तुमच्या ध्यानात कसे आले नाही?” पोलिसांनी पंचनाम्याच्या वेळी विचारलेले प्रश्न गेलेल्याच्या बायकोला दर नव्या माणसासमोर पुन्हा ऐकावे लागतात. या वागण्याचा संबंध केवळ रीतभातीशी नाही, मागे राहिलेल्यांच्या जिवाशीही आहे.

ब्रिटनमधील विद्यापीठांत शिकणाऱ्या व काम करणाऱ्या, 18 ते 40 वयोगटातील 3,432 शोकग्रस्त व्यक्तींचा एक अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. जवळचे माणूस अचानक पण नैसर्गिक कारणाने गमावलेल्यांच्या तुलनेत, आत्महत्येमुळे गमावलेल्यांमध्ये स्वतः आत्महत्येचा प्रयत्न करण्याची शक्यता सुमारे 65 टक्क्यांनी अधिक आढळली. पण लोकांकडून जाणवलेला कलंक हिशेबात धरल्यावर हा फरक बराचसा ओसरला. एका पाहणीवरून कार्यकारणाचा निवाडा करता येत नाही आणि ब्रिटनमधील तरुणांचे निष्कर्ष जसेच्या तसे परभणी-हिंगोलीला लावता येणार नाहीत. तरीही लोक आपल्याकडे कसे पाहतात, याचा भार दुःखावर चढतो, हे या अभ्यासातून दिसते, आणि आपल्याकडे गावाची नजर चुकवणे शहरापेक्षा कितीतरी अवघड असते.

या दुःखातला सर्वांत चिवट भाग अपराधीपणाचा असतो. आदल्या दिवशी तो बैलांजवळ नेहमीपेक्षा जास्त वेळ बसला होता. गोळी घेतली का, हे त्या रात्री विचारायचे राहून गेले. बहिणीला त्याने उगाच फोन केला होता. त्या क्षणी या गोष्टी अगदी साध्या होत्या. मृत्यूनंतर मात्र त्यातली प्रत्येक गोष्ट ठळक इशारा होऊन समोर उभी राहते. एखादी घटना घडून गेल्यावर ती आधीच ओळखता आली असती असे मनाला वाटू लागते, हे मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ यांनी 1975 मध्ये प्रयोगांतून दाखवले होते. शेवट ठाऊक झाला, की शेवट ठाऊक नसतानाचे आपले मन आपल्याला नीट आठवत नाही. दुसरीकडे, पन्नास वर्षांतील 365 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2017 मध्ये घेतला गेला, तेव्हा ज्ञात जोखीम घटकांवरून आत्महत्येचे भाकीत करणे हे अंदाजाने सांगण्यापेक्षा फारसे अचूक ठरत नाही, असे दिसून आले. संशोधकांना जे साधले नाही, ते एखाद्या आईला साधायला हवे होते, असे म्हणणे अन्यायाचे आहे. हे तिला सांगावे, पण घाईने नव्हे. “तुमची काही चूक नाही” एवढे बोलून विषय मिटवला, तर तिच्या मनातले तसेच राहते. तिला आधी ती रात्र सांगू द्यावी, आणि ती दहा वेळा तेच बोलली तरी दहाही वेळा ऐकावे.

मग कुजबूज सुरू होते, की ‘त्यांच्या घराण्यातच आहे’ किंवा ‘बाहेरचे झाले होते’. तिचा फटका पुढे सोयरीक जुळवताना घरातल्या मुलींना बसतो. जुळ्यांच्या अभ्यासांवरून लोकांमध्ये नैराश्याच्या बाबतीत जो फरक दिसतो, त्यातील साधारण 37 टक्के फरक आनुवंशिक घटकांशी निगडित मानला जातो. उरलेला आयुष्यात वाट्याला येणाऱ्या परिस्थितीशी. स्किझोफ्रेनियात आनुवंशिकतेचा वाटा बराच मोठा आहे, तरीसुद्धा आई किंवा वडील यांपैकी एकाला तो आजार असताना दहापैकी सुमारे नऊ मुलांना तो होत नाही. रक्ताचा वाटा नाकारायचे कारण नाही, पण त्यावरून एखाद्या घरावर शिक्का मारायला विज्ञानाचा आधार नाही.

शेतकरी कुटुंबात आणखी एक ओझे येते. आत्महत्येचे प्रकरण शासकीय मदतीस ‘पात्र’ की ‘अपात्र’, हे ठरवताना कर्ज, नापिकी आणि वसुलीचा तगादा तपासला जातो. अशा वेळी आजार होता म्हटले तर मदत हातची जाईल, या भीतीने दवाखान्याचे कागद ट्रंकेच्या तळाशी जातात आणि त्या माणसाने सोसलेल्या आजाराबद्दल घरातही कोणी बोलत नाही. माझ्या मते कर्ज आणि आजार यांना एकमेकांविरुद्ध उभे करणेच चुकीचे आहे. लागोपाठच्या दुष्काळात आणि देणेकऱ्यांच्या तगाद्यात नैराश्य बळावते आणि नैराश्यात माणसाला कर्जातून सुटायची वाट दिसेनाशी होते. या घराला एक मदत ताबडतोब करता येते: मागे राहिलेल्या बायकोसोबत तहसीलला जाणे, सातबारा आणि मृत्यूचा दाखला काढून देणे, शवविच्छेदन अहवाल मागण्यासाठी अर्ज लिहिणे, पेरणीच्या दिवसांत एक दिवस तिफण घेऊन जाणे.

महिन्याभरात ती खुरपायला जाऊ लागली, तर ‘हिला काही वाटत नाही’ असे बोलणारे भेटतात. शोकाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी 1999 मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार शोक करणारे मन दोन टोकांमध्ये ये-जा करते. कधी ते गेलेल्या माणसापाशी थांबते, तर कधी रोजच्या कामात आणि नव्या जबाबदाऱ्यांत गुंतते, आणि सावरण्यासाठी हे दोन्ही लागते. सकाळी शेतात हसलेली बाई रात्री हंबरडा फोडते, यात खोटे काहीच नसते. शोकाचे पाच ठरावीक टप्पे असतात, ही सर्वत्र पसरलेली समजूत मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्या 1969 मधील मांडणीतून आली. ती मांडणी मुळात मरणासन्न रुग्णांविषयी होती, त्यामुळे कोणाचे दुःख त्या मापाने मोजू नये.

मुलांशी खोटे बोलू नये. ‘बाबा गावाला गेलेत’ असे सांगितलेले मूल एसटी थांब्याकडे पाहत राहते, आणि खरे कारण त्याला शाळेत, तेही वाईट शब्दांत कळते. लहान मुले अशा घटनेचा दोष सहज स्वतःकडे घेतात. त्यामुळे “बाबांना मनाचा मोठा आजार होता, त्यात त्यांनी जीव दिला, तुझ्यामुळे काही झाले नाही” इतके साधे आणि खरे त्यांच्या विश्वासातल्या माणसाने सांगावे. मृत्यू कसा झाला, याचे तपशील मुलांपुढेच काय, ओसरीवरही उगाळू नयेत.

तेराव्यानंतर घर रिकामे होते. पोळा, दिवाळी आणि वर्षश्राद्ध जवळ आले, की दुःख पुन्हा उसळते, म्हणून खरी भेट त्या दिवसांत द्यावी आणि गेलेल्याचे नाव घेऊन बोलावे. बहुतेकांचे दुःख हळूहळू सुसह्य होते, परंतु काहींचे होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात दीर्घकालीन शोकविकाराची नोंद आहे: सहा महिने उलटल्यावरही तीव्र ओढ किंवा वेदना तशीच राहिली आणि रोजचे जगणे ठप्प झाले, तर त्यावर उपचार लागतात. “जगावेसे वाटत नाही” असे कोणी म्हणाले, तर मात्र सहा महिने थांबायचे नाही. जीव देण्याचा विचार येतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उत्तर होकारार्थी असेल तर त्या माणसाला एकटे सोडू नये, कीटकनाशके घरातून हलवावीत आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, तसेच अंबाजोगाई, लातूर व नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये यांत मनोविकार विभाग आहेत. 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेल्या टेलिमानस या फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणाऱ्या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. तेथे चोवीस तास मराठीत बोलता येते, आणि शोकात असलेल्या माणसाप्रमाणेच त्याची काळजी वाटणाऱ्या शेजाऱ्यालाही तेथे सल्ला मागता येतो.