मनोविकारांवरील औषधोपचार

विचार, भावना, झोप किंवा वागणूक बिघडून माणसाचे रोजचे जगणे अडू लागते, तेव्हा मेंदूवर काम करणारी औषधे देऊन ती लक्षणे आटोक्यात आणण्याची उपचारपद्धती. छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया), द्विध्रुवीय विकार (उन्माद आणि नैराश्य यांच्या फेऱ्या येणारा), नैराश्य, चिंताविकार, मंत्रचळ (तेच विचार आणि त्याच कृती पुन्हापुन्हा होणे) आणि अवधान-अस्थिरता (एकाग्रता न टिकणे) या विकारांत तिचा वापर प्रामुख्याने होतो. बहुतेक वेळा औषधांच्या जोडीला मानसोपचार, समुपदेशन आणि कुटुंबाचे सहकार्य लागते. सौम्य नैराश्यात किंवा साध्या भीतीच्या विकारात नुसत्या मानसोपचारानेही भागते. तीव्र उन्माद किंवा छिन्नमनस्कता असेल, तर औषधांवाचून सहसा निभत नाही.

या औषधांनी मेंदूत कमी पडलेले एखादे रसायन भरून निघते, असा समज बराच पसरलेला आहे. सिरोटोनिन हे मेंदूतील रसायन कमी झाल्यामुळे नैराश्य येते, हे सोपे स्पष्टीकरण मात्र संशोधनात सिद्ध झालेले नाही. तरीही सिरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्यांनी अनेकांचे नैराश्य उतरते. पॅरासिटॅमॉलने ताप उतरला, म्हणून तो पॅरासिटॅमॉलच्या कमतरतेमुळे आला होता असे कोणी म्हणत नाही. तोच न्याय इथेही लावायला हवा. ही औषधे लक्षणांवर काम करतात, मूळ कारणावर करतातच असे नाही. म्हणून कोणते औषध निवडले याइतकेच ते किती, किती दिवस आणि कशा देखरेखीखाली दिले, यावर उपचाराचे यश ठरते.

इतिहास

मनोविकारांच्या औषधांचे आधुनिक युग अवघ्या दहाबारा वर्षांत उभे राहिले, आणि त्यातले जवळजवळ प्रत्येक औषध दुसऱ्याच कशाच्या तरी शोधात असताना हाती लागले. ऑस्ट्रेलियातील मानसोपचारतज्ज्ञ जॉन केड यांना उन्मादाच्या रुग्णांच्या लघवीत एखादे विषद्रव्य असावे असे वाटत होते. त्या प्रयोगांसाठी त्यांना पाण्यात सहज विरघळणारे यूरिक आम्लाचे संयुग हवे होते, म्हणून त्यांनी लिथियमचे लवण घेतले. ते टोचल्यावर गिनीपिग शांत पडून राहू लागले. केड यांनी लिथियम आधी स्वतः घेऊन पाहिले, मग उन्मादाच्या रुग्णांना दिले आणि १९४९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मूळ तर्क चुकीचा निघाला, औषध मात्र टिकले. पुढे डेन्मार्कचे मोगेन्स शू यांनी पद्धतशीर चाचण्या करून त्याचा पाया पक्का केला. अमेरिकेत त्याला मान्यता मिळायला १९७० साल उजाडले.

क्लोरप्रोमाझीनची कथाही अशीच आहे. फ्रेंच शल्यचिकित्सक आंरी लाबोरी शस्त्रक्रियेतील आघात कमी करणारे औषध शोधत होते. हे औषध घेतलेला रुग्ण शुद्धीत असतो, पण आजूबाजूच्या गोष्टींनी अस्वस्थ होत नाही, हे त्यांनी टिपले. १९५२ साली पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात झां दले आणि पिएर दनिकेर यांनी ते मनोविकाराच्या रुग्णांना दिले. वर्षानुवर्षे भास आणि संशय यांत अडकलेले रुग्ण बोलू-सवरू लागले. याच काळात सर्पगंधेपासून वेगळे केलेले रिसर्पिनही वापरात आले. या वनस्पतीचा उन्मादावर आणि रक्तदाबावर होणारा परिणाम गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ सालीच नोंदवला होता.

क्षयावरचे इप्रोनियाझिड घेणारे रुग्ण अनपेक्षितपणे उत्साही दिसू लागले आणि त्यातून नैराश्यावरचा एक औषधगट निघाला. स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून यांनी छिन्नमनस्कतेसाठी म्हणून इमिप्रामीन वापरून पाहिले. त्या विकारात ते निरुपयोगी ठरले, पण नैराश्याचे रुग्ण त्याने सुधारतात हे कून यांच्या लक्षात आले. १९५७ साली त्यांनी ते जाहीर केले. लिओ स्टर्नबाख यांनी शोधलेल्या चिंताशामक औषधांपैकी क्लोरडायझेपॉक्साइड १९६० साली आणि डायझेपाम १९६३ साली बाजारात आले. नैराश्यावरच्या फ्लुऑक्सेटिनला अमेरिकेत १९८७ साली मान्यता मिळाली. या शोधांमागे प्रयोगशाळेतील सिद्धान्तांपेक्षा रुग्णाकडे लक्षपूर्वक पाहणारी माणसे होती, हे आवर्जून नोंदवायला हवे.

औषधगट आणि त्यांचे कार्य

भास, संशय आणि विस्कळीत विचार यांवरची औषधे मेंदूतील डोपामीन या रसायनाचे ग्राही (ते ज्यांना चिकटून परिणाम घडवते ते पेशींवरील रेणू) अडवतात. साधारण ६५ टक्के ग्राही अडले की गुण दिसू लागतो; ८० टक्क्यांच्या पुढे गेले की हातापायांत ताठरपणा, कंप, एका जागी बसवत नाही अशी तगमग सुरू होते. डोस ठरवायचा तो या अरुंद पट्ट्यात. गुण येत नाही म्हणून डोस वाढवत नेणे इथे हमखास महागात पडते. हॅलोपेरिडॉल हे जुन्या पिढीतले, तर रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, ॲरिपिप्राझोल ही नंतरची. ज्यांच्या गोळ्या वारंवार सुटतात त्यांच्यासाठी दोन आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत परिणाम टिकणारी इंजेक्शने उपलब्ध आहेत. डोपामीनच्या ग्राहींना हात न लावता, झॅनोमेलिनच्या साहाय्याने वेगळ्या मार्गाने काम करणारे औषध अमेरिकेत २०२४ साली मान्य झाले.

नैराश्यावर आज प्रथम दिली जातात ती चेतासंधीतील (दोन चेतापेशींमधील जोडावरील) सिरोटोनिनचे पुनर्शोषण, म्हणजे ते पेशीत परत ओढले जाणे, रोखणारी औषधे : एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन इत्यादी. ती जुन्या औषधांपेक्षा फार प्रभावी आहेत असे नाही. पण अतिमात्रेत तुलनेने कमी घातक आहेत, आणि ज्या आजारात आत्महत्येचा धोका असतो त्यात ही बाब निर्णायक ठरते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात ५२२ चाचण्या आणि २१ औषधे तपासली गेली. सगळीच औषधे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा सरस ठरली, मात्र सरासरी फरक माफक होता. हा आकडा सरासरीचा आहे. एखाद्याला औषध उत्तम लागू पडते, दुसऱ्याला मुळीच नाही, आणि हे आधी सांगता येईल अशी भरवशाची तपासणी अजून उपलब्ध नाही. चिंताविकार आणि मंत्रचळ यांवरही हीच औषधे चालतात. मंत्रचळात डोस जास्त लागतो आणि दोन-तीन महिने धीर धरावा लागतो.

डायझेपाम, लोराझेपाम, अल्प्राझोलाम या गोळ्यांनी तासाभरात जीव शांत होतो. त्यांचा धोकाही त्यातच आहे. काही आठवडे रोज घेतल्या की शरीराला त्यांची सवय लागते. त्या मोजक्या दिवसांसाठीच वापराव्यात. अवधान-अस्थिरतेवर मिथाइलफेनिडेट हे मुख्य औषध आहे.

लिथियमची देखरेख

या औषधांत बारकाव्याने वापरावे लागणारे म्हणून लिथियमचे उदाहरण घेण्यासारखे आहे. द्विध्रुवीय विकारात उन्माद आणि नैराश्य या दोन्हींच्या फेऱ्या ते रोखते, आणि त्याच्या वापराने आत्महत्यांचे प्रमाण घटल्याचे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. रक्तातील त्याची पातळी साधारणपणे प्रतिलिटर ०.६ ते १.० मिलिमोल राखतात. ती १.५ च्या पुढे गेली की विषबाधेची लक्षणे दिसू शकतात : हात जोरात थरथरणे, उलट्या-जुलाब, तोल जाणे, जीभ जड होणे. उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत एवढेच अंतर आहे. म्हणून शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त काढून पातळी मोजतात आणि मूत्रपिंड व थायरॉइड यांची तपासणी ठरावीक मुदतीने करतात.

मूत्रपिंड लिथियम आणि सोडियम यांना जवळजवळ सारखेच वागवते. त्यामुळे जुलाब लागले, खूप घाम गेला, एकाएकी मीठ बंद केले किंवा अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन घेतले, तरी त्याच गोळ्यांवर पातळी चढते. रुग्णाला आणि घरच्यांना हे पहिल्याच भेटीत समजावून सांगितले पाहिजे. अनेक विषबाधा एवढ्याने टळतात.

दुष्परिणाम

नैराश्यावरच्या गोळ्या सुरू केल्यावर मळमळ, डोकेदुखी, बेचैनी पहिल्या आठवड्यातच जाणवते. गुण यायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात. त्रास आधी आणि आराम नंतर, हा क्रम आधी सांगितला नाही तर रुग्ण नेमका याच टप्प्यावर औषध सोडतो. लैंगिक इच्छा मंदावणे हा सर्रास आढळणारा, पण क्वचितच विचारला जाणारा दुष्परिणाम आहे. मुले आणि तरुण यांच्यात सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून पहिले काही आठवडे त्यांच्यावर जवळून लक्ष ठेवावे लागते. ओलान्झापिनसारख्या औषधांनी वजन आणि रक्तशर्करा वाढते. डोपामीन अडवणारी औषधे दीर्घकाळ घेतल्यास तोंडाच्या व जिभेच्या अनैच्छिक हालचाली सुरू होऊ शकतात आणि त्या कधीकधी कायमच्या राहतात.

इतर औषधांनी न सुधारलेल्या छिन्नमनस्कतेत क्लोझापिन सर्वांत प्रभावी आहे. १९७५ साली फिनलंडमध्ये ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटून मृत्यू झाले आणि अनेक देशांत ते मागे घेतले गेले. १९८८ साली त्याची सरसता चाचणीत स्पष्ट झाल्यावर रक्ततपासणीच्या अटीवर ते परतले. त्याची बद्धकोष्ठताही जिवावर बेतू शकते. धूम्रपानाने क्लोझापिन शरीरातून लवकर बाहेर पडते. त्यामुळे रुग्णाने सिगारेट एकदम सोडली, तर डोस न बदलताही रक्तातील पातळी धोकादायक होऊ शकते. रुग्णालयात दाखल झाल्यावर असे नेहमी घडते.

गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रियांना द्विध्रुवीय विकारात वापरले जाणारे व्हाल्प्रोएट शक्यतो देत नाहीत. त्याने गर्भाच्या मज्जारज्जूत व्यंग येऊ शकते आणि मुलाच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होतो. मात्र गर्भ राहिला म्हणून सगळी औषधे परस्पर बंद करणेही आईच्या आणि बाळाच्या जिवाला धोक्याचे ठरू शकते.

औषधे थांबवणे

नैराश्याच्या पहिल्या आजारात पूर्ण बरे वाटू लागल्यावर आणखी सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवण्याची प्रथा आहे; आजार वारंवार उलटत असेल तर अधिक काळ. एकाएकी बंद केल्यास चक्कर, चिडचिड, झोप उडणे, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे असा त्रास होतो. व्हेन्लाफॅक्सिन आणि पॅरॉक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधांच्या बाबतीत तो अधिक असतो. या त्रासालाच आजार परतला असे समजून औषध पुन्हा सुरू केले जाते. खरे तर काही दिवसांतच सुरू होणारी चक्कर आणि झटके औषध सुटल्याचे असतात, आजार सहसा हळूहळू परततो. डोस आणि मेंदूवरचा परिणाम यांचे नाते सरळ रेषेत नसते : कमी मात्राही सिरोटोनिनच्या पुनर्शोषणाचा बराच मोठा भाग रोखते. त्यामुळे सुरुवातीची मोठी कपात फारशी जाणवत नाही आणि शेवटची अर्धी गोळी सोडताना त्रास होतो. दीर्घकाळ औषध घेतलेल्यांत शेवटच्या टप्प्यातली कपात सर्वांत लहान ठेवतात, आणि काहींना त्यासाठी कित्येक महिने लागतात.