गार्नेट-पिअर्स देऊन टेटम मिळाला?

अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉल लीगमधल्या बोस्टन सेल्टिक्स संघाने २०१३ साली ३७ वर्षांचा केविन गार्नेट आणि ३५ वर्षांचा पॉल पिअर्स ब्रुकलिन नेट्स संघाला देऊन जेसन टेटम आणि जेलन ब्राउन घेतले, असं सर्रास सांगितलं जातं. तसं नाही. तेव्हा ही पोरं शाळेत होती!

मिळाले ते नेट्सचे २०१४, २०१६, २०१८ चे पहिल्या फेरीतले ड्राफ्ट हक्क (ड्राफ्ट म्हणजे संघांनी दरवर्षी क्रमाने नवे खेळाडू निवडणं) आणि २०१७ मध्ये नेट्सशी निवडीचा क्रमांक अदलाबदल करायची मुभा. पुढे नेट्स ढेपाळले, आणि कमकुवत संघाला सहसा वरचा क्रमांक मिळतो, म्हणून हक्क सोन्याचे झाले. २०१६ च्या हक्कावर ब्राउन आला. अदलाबदलीत मिळालेला २०१७ चा पहिला क्रमांक तर बोस्टनने फिलाडेल्फियाच्या संघाला देऊन तिसरा घेतला, त्यावर टेटम.

आणि गार्नेटला हाकललं? त्याच्या करारात दुसऱ्या संघात जायला नकार द्यायचा अधिकार होता. त्याने होकार दिला, तेव्हाच सौदा झाला.