दसऱ्यानंतर घाट चढताना

नवरात्र संपत आलं की फोनवर रंगीत डोंगर दिसू लागतात. काश्मीरमधले तांबडे चिनार, जपानमधले मेपल, अमेरिकेतल्या डोंगररस्त्यांवरची पिवळी-नारिंगी झाडी. मग चिपळूण, रत्नागिरी, कणकवलीत बेत शिजायला लागतो : दिवाळीच्या सुट्टीत गाडी काढायची, घाटात जायचं आणि पानगळीचे रंग पाहायचे. बेत चांगलाच आहे. सह्याद्री उशाशी असताना तो डोळे भरून न पाहणं हे आपलंच नुकसान. पण तिकडचं वेळापत्रक जसंच्या तसं इकडे लावलं, तर हाती लागतात हिरवीगार झाडं आणि ट्रकांची रांग. असं का होतं ते समजायला आपले घाटरस्ते आणि आपली जंगलं कशी घडली, हे थोडं मागे जाऊन पाहावं लागतं.

अमेरिकेतला ब्लू रिज पार्कवे १९३५ मध्ये, महामंदीच्या काळात, हातांना काम मिळावं म्हणूनही सुरू झाला आणि १९८७ मध्ये पुरा झाला. सुमारे ७५५ किलोमीटरच्या या रस्त्यावर मालवाहू ट्रकांना बंदी आहे. लोकांनी सावकाश गाडी चालवावी, जागोजागी थांबावं, डोंगर पाहावा, एवढ्यासाठीच तो आखला गेला. सह्याद्रीतले घाट अशा हेतूने झाले नाहीत. इथल्या वाटा मीठ, भात, कापूस आणि तोफा यांच्यासाठी पडल्या.

सर्वांत जुना ठळक पुरावा नाणेघाटातला. कल्याण-सोपाऱ्याची बंदरं आणि जुन्नर यांना जोडणाऱ्या या वाटेवरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता, असं परंपरेने मानतात. पुढे तळकोकणापर्यंत अशाच वाटांनी व्यापार चालला. किनाऱ्यावरून मीठ, सुकी मासळी, नारळ वर जाई. देशावरून गूळ, मिरची, तंबाखू, कापूस खाली येई. सगळं बैलांच्या पाठीवर किंवा माणसांच्या डोक्यावर.

आणि हे सगळं पावसाळ्यात थांबे. बंदरं बंद, नद्या दुथडी, वाटा शेवाळलेल्या. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावर गलबतं हळूहळू बाहेर पडत. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा मोहिमेवर निघत. तांडेही त्याच सुमारास घाटाला लागत, ते मृग जवळ येईपर्यंत. त्यामुळे आश्विनात घाट चढायला निघणं ही आपल्याकडे मुळीच नवी गोष्ट नाही. आज आपण सुट्टी पाहून जो मुहूर्त धरतो, तो चिखल वाळण्याच्या आणि नदीला उतार होण्याच्या हिशेबाने शेकडो वर्षांपूर्वीच ठरलेला आहे.

या वाटांवरून चाकं चालत नव्हती, आणि राज्यकर्त्यांना त्यात तोटा दिसत नव्हता. अरुंद, खडी वाट राखायला सोपी. प्रतापगड बांधला गेला तो पार घाटावर आणि जावळीच्या खोऱ्यावर नजर राहावी म्हणून. १६५९ मध्ये अफझलखानाची फौज रडतोंडीच्या घाटाने त्या खोऱ्यात उतरली आणि एवढ्या मोठ्या फौजेला तिथे हालचालीलाच वाव राहिला नाही. वाट रुंद असती तर त्या लढाईचा इतिहास वेगळा झाला असता.

इंग्रजांना मात्र तोफा आणि रसद वर न्यायची होती. १८०४ मध्ये आर्थर वेलस्लीने बोरघाटातली वाट लष्करासाठी सुधारून घेतली. १८३० मध्ये, जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, तिथला गाडीरस्ता खुला झाला. मग १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे गेली. ते बोगदे खोदताना हजारो मजूर दगावले, त्यातले पुष्कळ पटकीसारख्या साथींनी. घाटाची वाट शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली, अशी कथा सांगतात. त्याचं देऊळ घाटात आहे आणि ड्रायव्हर आजही तिथे नाणं टाकून पुढे जातात. डोंगर ज्यांच्या पायाखालचा होता त्यांच्या माहितीवर हे रस्ते उभे राहिले, याची आठवण देणारं ते ठिकाण आहे.

दक्षिण कोकणाची कथा मला जास्त जवळची वाटते. वेंगुर्ल्यात १७व्या शतकात डचांची वखार होती. पुढे बेळगावला इंग्रजांची छावणी झाली आणि तिची रसद वेंगुर्ला बंदरातून जाऊ लागली. आधी राम घाटाने, नंतर पारपोलीकडून आंबोलीमार्गे. आंबोली ही त्या रस्त्यावरची मुक्कामाची जागा. सावंतवाडीचे पोलिटिकल एजंट कर्नल वेस्ट्रॉप यांनी तिथे थंड हवेचं ठिकाण वसवलं. पण १८८०च्या दशकात मुरगाव बंदरातून निघालेली रेल्वे घाट चढली, माल तिकडे वळला आणि वेंगुर्ल्याचं महत्त्व ओसरलं. महाबळेश्वरसारखी बाजारपेठ आंबोलीत कधी उभी राहिली नाही, याचं एक कारण हेच. पावसाळ्यातले रविवार सोडले तर आजही तिथे रस्त्याकडेला उभं राहून जंगल ऐकता येतं. कोकणातून निघणाऱ्याने पहिला घाट निवडायचा असेल तर मी आंबोलीच सांगेन.

कुंभार्ली याच्या उलट. कराडकडचा कापूस या घाटाने चिपळूणला येई आणि गोवळकोटच्या धक्क्यावरून वाशिष्ठीतून मुंबईला जाई. देशावर रेल्वे आल्यावर तो व्यापार आटला, पण घाट आटला नाही. कोयना प्रकल्प आला, पायथ्याला पोफळीला वीजघर झालं आणि अवजड वाहतूक कायमची या वळणांवर आली. देखावा सुंदर आहे, थांबायला जागा कमी. इथे निघायचं तर उजाडता उजाडता.

आंबेनळी घाटाचं दुसरं नाव फिट्झगेराल्ड घाट, १८६७ ते १८७२ या काळातल्या गव्हर्नरांवरून पडलेलं. पोलादपूर आणि महाबळेश्वर यांना जोडणारा हा रस्ता हवापालटाला जाणाऱ्यांच्या उपयोगी पडला. मुंबईहून बोटीने सावित्रीच्या खाडीत दासगावला उतरून डोंगर चढता येई. सहलीसाठीच्या रस्त्याच्या सर्वांत जवळ जाणारा आपल्याकडचा घाट म्हणायचा तर हाच. फोंडा घाटाने वर गेलं की दाजीपूरचं जंगल लागतं. ते पूर्वी कोल्हापूरच्या राजघराण्याचं शिकारीचं रान होतं आणि १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं. तिथली दाट झाडी टिकली ती त्या जुन्या राखणीमुळे.

आता झाडांकडे येऊ.

थंड प्रदेशात दिवस लहान झाले, गारठा वाढला की झाड पानातलं हरितद्रव्य मोडून आत घेतं. मग आधीपासून पानात असलेला पिवळा रंग उघडा पडतो आणि काही झाडं लाल रंग नव्याने तयार करतात. सह्याद्रीच्या उतारांवर पानगळ ठरते ती पाण्यावर. आश्विनात जमीन ओलीच असते, झऱ्यांना पाणी असतं. ऐनासारख्या झाडाला तेव्हा पान टाकायचं काहीच कारण नाही. पाणी खाली गेलं, पौष-माघ लागला, की सावर, साग, मग ऐन, नाना अशी झाडं उघडी होऊ लागतात. त्यामुळे खरी पानगळ पाहायची तर ती शिशिरात. घाटमाथ्यावरच्या सदाहरित पट्ट्यात, म्हणजे आंबोली किंवा कोयनेच्या खोऱ्यात, तर अंजनी, जांभूळ अशी झाडं एकदम उघडी पडतच नाहीत.

मग दिवाळीत काय दिसतं? खूप काही दिसतं, फक्त ते झाडाच्या पानात शोधू नये. भाताची खाचरं पिवळी होऊन कापणीला आलेली असतात. सड्यांवरचं, म्हणजे कातळाच्या पठारांवरचं गवत, जे श्रावणात हिरवं आणि भादव्यात फुलांनी भरलेलं होतं, ते सोनेरी व्हायला लागतं. घाटमाथ्यावर सोनकीची शेवटची पिवळी फुलं असतात. आणि किंजळ. कोकणातल्या जंगलातलं इतकं साधं, इतकं सगळीकडे असलेलं हे झाड, पण पावसाळा सरताना त्याला पांढरट मोहोर येतो आणि पुढे पंख असलेली बारीक फळं झुबक्यांनी धरतात, तांबूस-गंजक्या रंगाची. अख्खा माथा त्या रंगाचा होतो. कार्तिक-मार्गशीर्षात घाटातून खाली पाहताना हिरव्या उतारावर जे तांबूस ठिपके दिसतात, ते बहुतेक वेळा किंजळीचे असतात. लोक त्यालाच पानगळ समजतात. सागाचे पट्टेही याच दिवसांत तपकिरी दिसू शकतात, कारण पावसाळ्याच्या अखेरीस एका पतंगाच्या अळ्या सागाची पानं खाऊन नुसत्या शिरा शिल्लक ठेवतात.

उतारांवर ऐन आणि किंजळच इतके का, यालाही माणसाचा इतिहास आहे. भाताचं बियाणं पेरण्याआधी जमीन भाजायची ती राब घालून, म्हणजे वाळल्या फांद्या-पाला पसरून पेटवून, आणि राबासाठी दरवर्षी झाडांच्या फांद्या तोडायच्या. पुन्हा पुन्हा छाटूनही फुटणारी झाडं टिकली. ऐन-किंजळ त्यांतले. सागाचं नशीब वेगळं. मराठा राजवटीत जहाजांसाठी साग लागे. पण रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, १८व्या शतकाच्या सुरुवातीला, आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, असं बजावलेलं आहे. हे घराणं पुढे गगनबावड्याचं, म्हणजे घाटाच्या तोंडावरचं. झाडाची किंमत त्यांना माहीत होती. नंतर १८२०च्या दशकात रत्नागिरीचे कलेक्टर डनलॉप यांनी झाडांवरचे सरकारी हक्क मोठ्या प्रमाणात लोकांकडे सोडले. हेतू चांगला असेल, पण तोड वाढली. आजही रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं बरंचसं जंगल मालकीचं आहे, सरकारी राखीव नाही. म्हणून कोकणाच्या बाजूने चढताना रान तुकड्या-तुकड्यांत दिसतं. मधेच एखादी देवराई, मधेच कलमांची किंवा काजूची बाग. आणि घाटमाथ्याजवळ, जिथे कोयना, चांदोली, राधानगरीची संरक्षित जंगलं लागतात, तिथे छत एकदम मिटून येतं. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तेव्हा महाराष्ट्रातून निवडलेल्या चार जागांमध्ये ही तिन्ही होती, चौथं कास.

ज्यांना लाल पानंच पाहायची आहेत त्यांनी फाल्गुनात निघावं. कोशिंबाला तेव्हा नवी पालवी येते आणि ती लालभडक असते. लांबून झाड पेटल्यासारखं वाटतं. कोवळ्या पानाचं कडक उन्हापासून आणि किड्यांपासून रक्षण व्हावं म्हणून तो रंग असावा, असं मानलं जातं. थोड्याच दिवसांत पानं हिरवी होतात, त्यामुळे हा सोहळा चुकवणं सोपं आहे. पांगारा, काटेसावर आणि जिथे असेल तिथे पळस त्याच सुमारास फुललेले असतात. तामणाची पानं गळण्याआधी तांबडी होतात. माथ्यावर अंजनीच्या फांद्यांना निळी-जांभळी फुलं चिकटलेली असतात. चाकरमानी शिमग्याला गावी येतात तेच हे दिवस. पालखी नाचवून झाल्यावर एक दिवस घाटासाठी ठेवला, तर चिनारांची हळहळ राहणार नाही.

त्या दिवसांत एक धोका मात्र असतो, वणव्याचा. सड्यावरचं वाळलेलं गवत पेटवून देण्याची सवय जुनी आहे. त्यात कोवळी झाडं, पक्ष्यांची घरटी, बागा जळतात. घाटात विडी-सिगारेट टाकणं, चूल मांडणं हे पाहुण्याने पूर्णपणे टाळायला हवं. यात मला कसलीही तडजोड मान्य नाही.

राहिला रस्त्याचा भरवसा. सह्याद्रीची कोकणाकडची बाजू जवळजवळ कड्यासारखी उतरते, पाऊस प्रचंड, आणि रस्ता म्हटला की उताराचा पाय कापलेला. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं. त्याच पावसात आंबेनळीचा रस्ता अनेक ठिकाणी वाहून गेला आणि घाट बराच काळ बंद राहिला. महाड-भोर रस्त्यावरचा वरंध घाट पावसाळ्यात अवजड वाहनांना, कधी सगळ्यांनाच, बंद असतो. वैभववाडीहून गगनबावड्याला चढणारा करूळ घाट २०२४ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाला तेव्हा वाहतूक भुईबावड्याकडे आणि फोंड्याकडे वळवावी लागली. पाऊस थांबला म्हणून घाट सुरू झाला असं धरून चालू नये. दरडी काढणं, कठडे बांधणं ही कामं दिवाळीनंतरही चालू असतात. घाट बंद किंवा सुरू करण्याचा आदेश जिल्हाधिकारी काढतात आणि तो मोबाइलच्या नकाशावर उशिरा पोहोचतो. आदल्या संध्याकाळी जवळच्या एसटी आगारात चौकशी करावी. त्या घाटाने सकाळची गाडी गेली की नाही, आणि कोणत्या वळणावर एकेरी वाहतूक आहे, हे तिथे नक्की कळतं.