शिवीगाळ, शिकाऊ आणि न दिलेला पगार

शिव्या खाल्ल्याशिवाय आचारी घडत नाही, असं मानणारे त्याला परंपरा म्हणतात. हॉटेलांच्या किचनमध्ये आता तिच्या जागी ‘ग्रोथ माइंडसेट’, म्हणजे मेहनतीने कुवत वाढते ही धारणा, आणि ‘पाठीशी उभा राहणारा शेफ’ अशी मवाळ भाषा ऐकू येते. पण ही परंपराही वाटते तितकी जुनी नाही. आजची स्टेशनांची पद्धत, म्हणजे किचनमधल्या कामाचा एकेक भाग एकेकाकडे, ज्याने बसवली, तो फ्रेंच शेफ सैन्याच्या भटारखान्यातून पुढे आला होता आणि १८९० मध्ये लंडनच्या एका नव्या आलिशान हॉटेलात रुजू झाला. त्याच्या किचनमध्ये दारू आणि शिवीगाळ दोन्ही बंद होत्या, तहानेसाठी बार्लीचं पेय ठेवलेलं असे. स्वतःचा पारा चढू लागला की तो बाहेर निघून जाई.

तरी ओरडण्याची सोय त्याच्याच पद्धतीने करून ठेवली. अंडी, भाजलेला गुर्दा आणि ट्रफलचा सॉस असलेल्या एका पदार्थाला एकट्या आचाऱ्याला पंधरा मिनिटं लागत. तीन स्टेशनांवर वाटला की तो काही मिनिटांत पासवर, म्हणजे तयार प्लेट बाहेर जाते त्या काउंटरवर, येई. मात्र एकाची चूक आता सगळी प्लेट अडवू लागली, तीही सगळ्यांदेखत, आणि ती समजावून सांगायला सर्व्हिसमध्ये, म्हणजे वाढण्याच्या ऐन घाईत, फुरसत नव्हती. २००४-०५ च्या सुमारास ब्रिटन-अमेरिकेच्या टीव्हीने संतापलेल्या शेफला नायक केलं. तोवर या घाईला ‘शिस्त’ हे नाव पडलेलं होतं.

ग्रोथ माइंडसेट ही कल्पना मुळात किचनची नाहीच, ती शाळेतून आली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी प्रयोगांत काही मुलांच्या हुशारीचं कौतुक केलं गेलं, काहींच्या मेहनतीचं. पुढे अवघड प्रश्नांत अपयश आल्यावर हुशारीचं कौतुक झालेली मुलं जास्त खचली, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी आपले गुण वाढवून सांगितले. २००६ च्या पुस्तकानंतर ही कल्पना कंपन्यांच्या प्रशिक्षणात शिरली आणि तिथून हॉटेलांच्या एचआर विभागात. २०१८ च्या एका एकत्रित आढाव्यात मात्र मानसिकता आणि गुण यांचा संबंध क्षीण निघाला. अमेरिकेतल्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांच्या २०१९ च्या अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना थोडा फायदा दिसला, आणि गुणांतली ही सुधारणा सोबत्यांचं वळण पोषक होतं अशा शाळांत टिकली. किचनसाठी हा शेवटचा तपशील सगळ्यात कामाचा आहे, आणि प्रशिक्षणाच्या स्लाइडवर तोच सहसा नसतो.

‘पाठीशी उभा राहणारा शेफ’ ही दुसरी कल्पना रुग्णालयांतून आली. नव्वदच्या दशकात औषधांच्या चुका मोजताना असं दिसलं की चांगल्या प्रमुखांच्या वॉर्डात चुकांची नोंद जास्त होती, कारण तिथे त्या लपवल्या जात नव्हत्या. तळाला लागलेला सॉस गाळून गुपचूप पुढे ढकलणारा कनिष्ठ आचारी पाहिलेल्या कोणालाही हे वेगळं समजवावं लागणार नाही.

२०१७ च्या शेवटी अमेरिकेत नामांकित शेफ आणि मालकांवर लैंगिक छळाचे जाहीर आरोप झाले, २०२० मध्ये महामारीने किचन बंद पाडली, आणि उघडल्यावर माणसं परत येईनात. मवाळ भाषेला खरा जोर तेव्हा आला. तो पश्चात्तापाचा किती आणि भरती होत नसल्याचा किती, हे ज्याने त्याने ठरवावं.

पण वादाची खरी गाठ कोपनहेगनच्या एका जगप्रसिद्ध रेस्टॉरंटपाशी बसली. तिथल्या प्रमुख शेफने २०१५ मध्येच आपण किचनमध्ये दादागिरी केल्याचं लिहून मान्य केलं होतं. तरीही बिनपगारी शिकाऊंची प्रथा, म्हणजे स्टाज, पुढेही चालू राहिली. जगभरातून येणारे तरुण त्यावर राबत होते. तीन महिन्यांत फळांच्या जॅमचे, भुंग्यांच्या आकाराचे शोभेचे तुकडे बनवण्यापलीकडे फारसं काही शिकायला मिळालं नाही, आणि ते करताना हसायचीही मुभा नव्हती, असं एका शिकाऊने नंतर सांगितलं. टीका वाढल्यावर ऑक्टोबर २०२२ पासून शिकाऊंना पगार सुरू झाला. त्याने मजुरीचा खर्च महिन्याला किमान ५०,००० डॉलरने वाढल्याचं छापून आलं. जानेवारी २०२३ मध्ये रेस्टॉरंट नेहमीच्या स्वरूपात बंद करण्याची घोषणा झाली.

जुन्या वळणाच्या मंडळींनी लगेच हिशोब जुळवला: पगार दिला, म्हणून कुलूप लागलं. शेफचं म्हणणं मात्र असं की पैसा आणि माणसं या दोन्ही अंगांनी असा धंदा टिकूच शकत नाही. त्याच्या बाजूने एवढं तर म्हणायला हवं की फुकटच्या हातांवर उभा असलेला हिशोब मुळातच खोटा होता. शिवाय शिकाऊ फुकट असला की त्याचा वेळही फुकट वाटतो. त्याला भुंग्यांवरून सॉसवर हलवायची निकड कोणाला वाटत नाही, आणि एकाच स्टेशनवर सडणाऱ्याला वाढीची मानसिकता शिकवून काय मिळणार?

आज ग्रोथ माइंडसेट आणि पाठीशी उभा राहणारा शेफ या नावांखाली चालणाऱ्या गोष्टी दोन प्रकारच्या आहेत. सर्व्हिसनंतर दहा मिनिटं बसून चुकांची चर्चा करणं, चूक चारचौघांत न काढता बाजूला घेऊन सांगणं, यांना फार पैसे लागत नाहीत, म्हणून त्या झपाट्याने पसरल्या. स्टेशनांची फेरपाळी, शिकवण्याचे पगारी तास आणि चार दिवसांचा आठवडा यांना जास्त माणसं लागतात. मेनूची किंमत न वाढवता ती माणसं कुठून आणायची, यावर मालक आणि शेफ यांचं भांडण अजून मिटलेलं नाही.