पिसं सगळ्यात शेवटी: पक्षी-प्राणी जलरंगात रंगवणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हा संच पक्षी-प्राण्यांवर जीव असलेल्यांसाठी तयार केला आहे. हात बसलेला असो वा नसो, बहुतेकांची चित्रं एकाच जागी अडतात. खंड्याची निळाई किंवा बिबट्याचे ठिपके मनात भरलेले असतात, त्यामुळे पेन्सिल टेकताच पिसं आणि ठिपके काढायला सुरुवात होते. तासाभरानं पिसं सुरेख उमटलेली असतात, पण पक्षी फांदीवर बसलेला नसतो, तिला चिकटवलेला वाटतो. म्हणून पुढे दिलेला क्रम मोडू नका: आधी तोल, मग अंगाची गोलाई, मग डोळा, आणि पिसं सगळ्यात शेवटी.

संचात काय आहे

300 जीएसएमचा (दर चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा), सुती लगद्याचा, मध्यम खरखरीत कागद, ए-5 आकाराचे 12 ताव. सात रंगांच्या वड्या आणि पांढऱ्या गॉशची (खालचं झाकणाऱ्या, अपारदर्शक जलरंगाची) एक छोटी ट्यूब. 4 आणि 8 नंबरचे दोन गोल ब्रश, मास्किंग फ्लुइडची (लावलेली जागा रंगापासून कोरी राखणाऱ्या द्रवाची) बाटली, कागदी चिकटपट्टी, एचबी पेन्सिल आणि मळता येणारं मऊ खोडरबर. काळा रंग मुद्दाम दिलेला नाही. त्याचं कारण पुढे येईल.

कागदाला सरसाचा हात दिलेला असतो, त्यामुळेच रंग वरच्या थरात राहून चमकतो. साध्या खोडरबरानं जोरात घासलं की तो थर फाटतो आणि नेमका तिथेच रंग टिपकागदासारखा आत मुरून काळपट डाग पडतो. पेन्सिल खोडायची तर मऊ खोडरबर दाबून उचला, घासू नका. हाताचं तेल लागलेल्या जागी रंग धरत नाही, म्हणून तळहाताखाली कोरा कागद ठेवावा. दमट हवेत कागद उघडा राहिला तर सरस कमजोर होतो. उरलेले ताव प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवा.

ताव फळीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीनं बसवा. 300 जीएसएमचा कागदही भरपूर पाण्यानं थोडा फुगतो, पण पट्टी न काढता वाळू दिला की बराचसा सपाट होतो. पट्टी काढताना चित्र पूर्ण कोरडं हवं, आणि ओढायची ती चित्रापासून बाहेरच्या दिशेला, तिरकी, सावकाश. कागदाचा पापुद्रा निघू लागला तर केस वाळवायच्या यंत्रानं पट्टी कोमट करून मग ओढा.

सात रंग, आणि काळा का नाही

वडीच्या वेष्टनावर छापलेला रंगद्रव्याचा क्रमांक वाचायची सवय लावा, कारण एकाच नावाखाली वेगवेगळे उत्पादक वेगळी द्रव्यं विकतात. या संचात पिवळा (पीवाय 154), यलो ऑकर (पीवाय 43), बर्न्ट सिएना (पीबीआर 7), लाल (पीआर 254), क्विनाक्रिडोन रोझ (पीव्ही 19), अल्ट्रामरीन ब्लू (पीबी 29) आणि थॅलो ब्लू (पीबी 15:3) आहेत.

दोन निळे दिलेत, कारण त्यांचे स्वभाव अगदी उलटे आहेत. अल्ट्रामरीनचे कण जाड असतात. ते कागदाच्या खळग्यांत बसतात आणि रवाळ पोत येतो. हत्तीची कातडी, खडक, ढगाळ आभाळ यासाठी तो उत्तम. गुळगुळीत चोचीवर मात्र तोच पोत खटकतो. वाळल्यावर ओल्या ब्रशनं पुसला तर बराचसा निघतो. थॅलो ब्लू कागदात मुरतो आणि पुढे हलत नाही, शिवाय अतिशय जहाल आहे: ब्रशच्या टोकाला लागेल एवढाच घ्या. हिरवा करताना पिवळ्यात थॅलो घालायचा, थॅलोत पिवळा नव्हे. नाहीतर निम्मी वडी संपते आणि तरीही हिरवा निळाच राहतो. झाडांसाठी तो हिरवा फार भडक वाटतो. त्यात थोडा बर्न्ट सिएना घातला की पान पानासारखं दिसतं.

काळ्यासाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना घट्ट कालवा. निळा जास्त घातला तर कावळ्याच्या पाठीवरची थंड झाक मिळते, तपकिरी जास्त घातला तर अस्वलाच्या केसांतली ऊब. तयार काळा सगळीकडे सारखाच सपाट पडतो आणि कावळ्याच्या जागी कागदाला भोक पडल्यासारखं दिसतं.

आधी तोल

जिवंत प्राणी स्थिर बसत नाही, पण तो त्याच त्या ढबी पुन्हा पुन्हा घेतो. म्हणून एका पानावर पाच-सहा अर्धवट रेखाटनं एकदम सुरू करा. पक्षी वळला की दुसरं घ्या, पहिल्या ढबीत परत आला की पहिल्यावर या. एका रेखाटनाला 30 सेकंदांपेक्षा जास्त वेळ देऊ नका. पहिली रेघ पाठीच्या उताराची, दुसरी डोक्याच्या कलाची (चोचीच्या टोकापासून डोळ्यापर्यंत), तिसरी पायांची.

पाय अंगाच्या वजनाखाली यायला हवेत. एका पायावर किंवा दोन्ही पायांवर सारखा भार देऊन बसलेल्या पक्ष्याच्या धडाच्या मध्यातून सरळ खाली रेघ सोडा; ती पावलांच्या पकडीवर पडली नाही तर पक्षी पडतोय असं वाटणार, मग पिसं कितीही छान असोत. मागे वाकलेला दिसतो तो पक्ष्याचा गुडघा नाही, घोटा आहे. गुडघा वर, पिसांत दडलेला असतो. हे लक्षात आलं की पायाची लांबी आपोआप जमते. बोटांचाही हिशेब असतो: फांदीवर बसणाऱ्या बहुतेक पक्ष्यांची तीन बोटं पुढे आणि एक मागे, तर पोपट आणि सुताराची दोन पुढे, दोन मागे.

फोटोवरून काढत असाल तर फोनच्या कॅमेऱ्यानं जवळून घेतलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान लहान येतात, हे विसरू नका. फोटोत सावल्याही खऱ्यापेक्षा काळ्या पडतात आणि त्यांतला रंग हरवतो. ठिपक्यांची जागा, चोचीचा आकार असा तपशील फोटोतून घ्या. ढब मात्र स्वतःच्या रेखाटनातून. फोटो दुसऱ्याचा असेल तर चित्र विकण्याआधी किंवा प्रदर्शनात लावण्याआधी त्याची परवानगी घ्या.

पाणी: बहुतेक चित्रं इथे बिघडतात

ओल्या कागदाच्या चार अवस्था ओळखायला शिका. फळी डोळ्यासमोर तिरकी धरून उजेडात बघा. पाणी थबथबलेलं असेल तर कागद आरशासारखा चमकतो. रंग सोडला की वाटेल तिकडे पळतो, तो वेळ फक्त आभाळाच्या आणि मागच्या धूसर झाडीच्या कामाचा. थोड्या वेळानं चमक रेशमासारखी मंद होते. आता सोडलेला रंग पसरतो, पण आपली जागा सोडत नाही. प्राण्याच्या अंगावरचे मऊ ठिपके, पोटाखालची सावली याच वेळी टाकायची. मग चमक जाते, तरी हाताच्या मागच्या बाजूला कागद गार लागतो. या अवस्थेत हात लावू नका. शेवटी कागद गारही लागत नाही, तेव्हाच तो कोरडा.

सगळ्यात जास्त नुकसान तिसऱ्या अवस्थेत होतं. अर्धवट वाळलेल्या भागावर जास्त पाण्याचा ब्रश टेकला की ते पाणी आधीचा रंग पुढे ढकलत नेतं आणि झालरीसारखी गडद कड उमटते. ती पुसायला गेलात तर दुप्पट होते. नियम एवढाच की ब्रशवरचं मिश्रण नेहमी कागदावरच्या ओलीपेक्षा घट्ट हवं. ब्रश रंगात बुडवल्यावर कापडाला एकदा टेकवायची सवय लावली तर निम्म्या झालरी टळतात. तरीही कड आलीच, तर पूर्ण वाळू द्या आणि तिचा उपयोग पानांच्या गर्दीत किंवा दगडावर करता येतो का बघा.

जलरंग वाळल्यावर फिकट होतो. ओला असताना हवा तसा दिसला तर वाळल्यावर कमी पडणार. तावाच्या कडेला एक पट्टी रंगवून, वाळवून मगच ठरवा.

आता अंगाची गोलाई. पहिला वॉश (पातळ रंगाचा सलग हात) संपूर्ण अंगावर एकदमच द्यायचा, डोळ्यातली चमक आणि उजेडाकडची कड कोरी सोडून. मागची झाडीही याच वेळी घ्या आणि एक-दोन ठिकाणी अंगाचा रंग तिच्यात मिसळू द्या. प्राणी पूर्ण करून मग त्याच्याभोवती हिरवा भरला, तर तो कापून चिकटवल्यासारखा दिसतो. ही चूक नंतर दुरुस्त होत नाही.

डोळा

पहिला वॉश वाळला की डोळा घ्या. इथे चुकलात तर ते आताच कळतं आणि पिसांवरची पुढची मेहनत वाया जात नाही.

बाहुलीचा आकार बघून ठरवा, आठवणीवर जाऊ नका. घरातल्या मांजराची बाहुली उभ्या चिरेसारखी होते, पण वाघ, सिंह आणि बिबट्या यांची गोलच असते. वाघाला मांजराची बाहुली काढली की चित्र लगेच खोटं वाटतं. हरीण आणि शेळीची बाहुली आडवी असते. वरच्या पापणीची सावली डोळ्याच्या वरच्या भागावर पडते. ती नसेल तर प्राणी दचकल्यासारखा वाटतो. चमक एकच, उजेड ज्या बाजूनं येतो त्या बाजूला, आणि दोन्ही डोळे दिसत असतील तर दोन्हींत सारख्याच जागी. कोरी सोडायची राहून गेली तर गॉशचा एक ठिपका, पाणी जवळजवळ न घालता.

आता पिसं आणि केस

पंखाची पिसं कौलांसारखी एकावर एक असतात, पण कोणतं वर हे बहुतेकांचं उलटं होतं. मिटलेल्या पंखात अंगाजवळची पिसं सगळ्यात वर येतात आणि टोकाकडची लांब पिसं त्यांच्याखाली सरकतात. म्हणून लांब पिसांच्या फक्त कडा दिसतात. त्यांची मुळं झाकणाऱ्या आखूड पिसांची वेगळी रांग असते. आधी या तीन गटांच्या सीमा फिकट रंगानं टाका. मग प्रत्येक गटात जिथे उजेड सावलीत वळतो तिथेच थोडी पिसं स्पष्ट करा, बाकीची सुचवून सोडा. शेपटीत बहुतेक पक्ष्यांना 12 पिसं असतात. मिटलेल्या शेपटीत जेमतेम दोन-तीन दिसतात.

खंड्याची निळाई रंगद्रव्यातून आलेली नसते. पिसाच्या आतल्या सूक्ष्म जाळीवर उजेड विखुरतो आणि निळा दिसतो. मोराच्या पिसातही रंग अशाच सूक्ष्म रचनेमुळे येतो. पीस मागून उजेड ठेवून धरलं तर ते तपकिरी दिसतं. कागदावर ही चमक जास्त निळा ओतून येत नाही. थॅलोचा एक पातळ थर द्या, त्यात मधेमधे कागद कोरा ठेवा, वाळल्यावर चमकत्या पट्ट्याच्या लगत अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा गडद रंग लावा. आजूबाजूची झाडी मळकट ठेवली की निळा पेटतो.

केसांची दिशा अंगभर बदलते: नाकापासून कपाळाकडे वर, गालांवरून मागे, छातीवर खाली. मुस्कटावर केस आखूड, मानेवर लांब. केसांसाठी जुना झिजलेला ब्रश उत्तम. तो टाकून देऊ नका. त्यावर घट्ट रंग घ्या, कापडावर टेकवा, बोटांनी केस फाकवा आणि हलकेच ओढा. केस कडांवर आणि अंगाच्या वळणांवर दाखवा. सगळीकडे काढले तर प्राणी गवताचा भारा होतो.

ठिपक्यांनाही अंगाची गोलाई लागते. बरगडीजवळ गोल असलेला ठिपका पोटाकडे वळताना चपटा दिसतो. बिबट्याच्या अंगावर तुटक कड्यांची फुलं असतात, चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके. चित्त्याच्या डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ असते, बिबट्याला ती नसते.

मिशांसाठी मास्किंग फ्लुइड. ते रबराचं दूध असल्यामुळे लॅटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांनी वापरू नये. त्यांनी मिशा शेवटी गॉशनं काढाव्यात. ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवा, नाहीतर केस कायमचे चिकटतील. हे फ्लुइड फक्त कोऱ्या, कोरड्या कागदावर, म्हणजे पहिल्या वॉशच्या आधीच लावा. उन्हात किंवा गरम हवेनं वाळवू नका आणि एक-दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, कारण मग ते काढताना कागदाचा थर घेऊन निघतं.

फुलपाखरं

काचेखाली टाचलेल्या नमुन्यावरून काढू नका. टाचताना पुढचे पंख वर ओढून बसवलेले असतात. जिवंत फुलपाखराचे पुढचे पंख मागच्यांवर अधिक झाकलेले दिसतात. फुलपाखराबरोबर त्याचं झाडही काढा. मारिया सिबिला मेरियान या चित्रकर्तीनं 1699 ते 1701 या काळात दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाममध्ये सुरवंट वाढवून, ते ज्या झाडावर जगतात त्या झाडासह रंगवले. तिची चित्रं आजही जिवंत वाटतात त्यामागे ही पद्धत आहे.

रानात असताना

तुमच्याकडे बघून पक्षी खाणं थांबवत असेल किंवा सतत इशाऱ्याची हाक देत असेल, तर तुम्ही फार जवळ आहात, मागे सरका. घरट्यापाशी थांबून चित्र काढू नका आणि आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. पडलेलं पीस उचलण्याआधी आपल्या भागाचा कायदा बघा, कारण अनेक देशांत वन्य पक्ष्यांची पिसं बाळगायला बंदी आहे. ब्रश धुतलेलं पाणी ओढ्यात किंवा तळ्यात ओतू नका. थॅलो ब्लू हे तांब्याचं संयुग आहे. झाकणाच्या बाटलीतून ते पाणी घरी आणा.

चित्र टिकवताना

संचातली सातही रंगद्रव्यं उजेडात चांगली टिकतात. बाहेरून रंग घेतलात तर जुन्या प्रकारचा अलिझरिन क्रिमझन (पीआर 83) आणि झगझगीत गुलाबी टाळा, ते उडतात. शंका असल्यास रंगाची पट्टी काढून अर्धी पुठ्ठ्यानं झाका आणि तीन महिने उन्हाच्या खिडकीत ठेवून तुलना करा. चौकटीत आम्लरहित पुठ्ठ्याचा माउंट हवा, म्हणजे चित्र काचेला टेकत नाही. टेकलं तर दमट हवेत चिकटतं. मागून सेलोटेप लावू नका, ती पिवळी पडून डाग सोडते.

वड्या वापरल्यावर डबी उघडी ठेवून वाळवा, नाहीतर बुरशी येते. वडी तडकली तर थेंबभर पाणी टाकून रात्रभर ठेवा, पुन्हा एकजीव होते. एखाद्या तावावर न खोडता, न घासताही रंग टिपकागदासारखा मुरत असेल, तर तो ताव आणि रंगवलेला तुकडा दोन्ही परत पाठवा; आम्ही पूर्ण गठ्ठा बदलून देतो.