बुडबुडे थांबले म्हणजे बिअर अडकली?

घरी बिअर करणाऱ्यांत कायम फिरणारा सल्ला: एअरलॉकमधले (भांड्याच्या झाकणावरची, गॅस बाहेर सोडणारी पण हवा आत न येऊ देणारी नळी) बुडबुडे थांबले की फर्मेंटेशन (यीस्टने साखर आंबवणं) बंद पडलं, लगेच साखर टाका. असं वाटणं साहजिक आहे, डोळ्यांना दिसतं ते तेवढंच. पण झाकण जरा लूज असलं की गॅस बाजूने निघून जातो, आणि उलट काम संपल्यावरही खोली तापली की विरघळलेला गॅस बाहेर येऊन बुडबुडे दिसतात, म्हणजे त्यांचा भरवसा नाही.

खरं सांगतो हायड्रोमीटर, म्हणजे बिअरची घनता मोजणारं तरंगतं उपकरण; साखर आंबत जाते तसा त्याचा आकडा खाली येतो. आज रीडिंग घ्या, दोन-तीन दिवसांनी परत घ्या. १.०५० ला सुरू झालेली साधी एल (जरा उबेत आंबवतात ती बिअर) १.०१२ च्या आसपास थांबली असेल तर ती अडकलेली नाही, झालीये! दोन्हीदा १.०२५ च आलं तर मात्र शंका घ्या, बऱ्याचदा थंडीने यीस्ट झोपलेलं असतं. एल असेल तर २० डिग्रीपर्यंत आणा, फर्मेंटर (आंबवायचं भांडं) हळूच फिरवा, घुसळू नका, हवा मिसळली की चव जाते. तरी आकडा हलला नाही तर नवीन यीस्ट, पण आधी वेगळं जागं करून, फसफसताना टाका. साखरेने काय होतं, तर टाकलेली साखर तेवढी आंबते, मूळ अडलेलं बऱ्याचदा तसंच राहतं, आणि अशा बिअरच्या बाटल्या घाईत भरल्या तर त्या फुटूही शकतात.