मानधन एकदाच, गाणं मात्र वाजतंच राहतं

मराठी पुस्तकाच्या आतल्या पानावर बारीक टायपात ‘सर्व हक्क लेखकाच्या स्वाधीन’ अशी ओळ असते. सिनेमातल्या गाण्याच्या नशिबी असं पान नसतं. तिथे असायचं ते व्हाउचर: ठरलेली रक्कम, खाली महसुली तिकीट आणि तिकिटावर आडवी सही. पुढे ते गाणं लग्नाच्या मांडवात वाजो की रेडिओवर, लिहिणाऱ्याच्या हाती काही पडत नसे.

याचा सगळा दोष निर्मात्यांच्या माथी मारता येणार नाही. वाट कायद्यातच होती. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. तो जानेवारी १९५८ मध्ये लागू झाला. त्याच्या कलम १७ नुसार पहिला मालक कर्ताच. पण त्याच कलमाच्या पोटात अपवाद आहेत: मोबदला देऊन चित्रपट करवून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर मालकी करवून घेणाऱ्याची. वेगळा करार मागण्याइतकी पत किती गीतकारांची होती?

गायकांची तर त्याहून पंचाईत. साठच्या दशकात लता मंगेशकर यांनी गायकांनाही रॉयल्टी हवी असा आग्रह धरला. मानधन मिळालं की व्यवहार संपला, असं महंमद रफी यांचं मत. त्यावरून दोघांचं बिनसलं आणि काही वर्षं त्यांनी एकत्र गाणं थांबवलं. गंमत म्हणजे तेव्हाच्या कायद्यात गायकाला स्वतंत्र हक्कच नव्हता. तो आला १९९४ च्या दुरुस्तीने.

गीतकार-संगीतकारांची इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ मध्ये स्थापन झाली. तिने गाणी वाजवण्याचं दरपत्रक काढलं, चित्रपट व्यावसायिकांनी हरकत घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७७ चा निकाल निर्मात्यांच्या बाजूने लागला. मात्र न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला आपली स्वतंत्र पुरवणी जोडली आणि गायकाच्या गळ्याला कायद्यात जागा नाही, याकडे संसदेचं लक्ष वेधलं. मला त्या निकालात मोलाची वाटते ती ही पुरवणीच.

गीतकार-संगीतकारांना मात्र पुढे पस्तीस वर्षं थांबावं लागलं. जावेद अख्तर राज्यसभेत गेले, त्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि २०१२ मध्ये कायदा बदलला. आता सिनेमागृहात चित्रपटासोबत गाणं दाखवलं जातं ते सोडून इतर वापराच्या रॉयल्टीत गीतकार-संगीतकारांचा समान वाटा असतो. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. इतर कुणाला सही करून देऊन टाकला, तरी कायद्याच्या लेखी तो करार पोकळ. आणखी एक: करार झाला तेव्हा अस्तित्वातच नसलेल्या माध्यमाचे हक्क, त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर, आपोआप जात नाहीत.

१९९४ च्या दुरुस्तीतली एक तरतूद मात्र फारशी कुणाच्या ध्यानात नसते. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. वकिलांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच करारात मुदतीच्या जागी ‘कायमस्वरूपी’ आणि प्रदेशाच्या जागी ‘संपूर्ण विश्व’ असं लिहून येतं. नुसती पृथ्वी त्यांना पुरत नाही.